रत्नागिरीस, ठिपके मोजायला

रत्नागिरीला माणसे आंबे खायला जातात, समुद्र पाहायला जातात, टिळकांचे जन्मस्थान आणि थिबाराजाचा राजवाडा पाहायला जातात. जमिनीचा तंटा असला तर कोर्टाच्या तारखेलाही जातात. पण वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, खिशात भिंग घालून, केवळ ठिपके मोजण्यासाठी रत्नागिरीला गेलेला माणूस बहुधा मीच पहिला असेन.

झाले असे, की माघ महिन्यात एके सकाळी भाच्याचा फोन आला. रामनाक्याजवळ त्याचे फलक छापायचे दुकान आहे. वाढदिवसाचे, श्रद्धांजलीचे आणि निवडणुकीचे असे तिन्ही प्रकारचे चेहरे तो एकाच यंत्रावर आणि एकाच भावात छापतो. घरची हापूसची बागही आहे.

"मामा, यंदा आंबे कापडी पिशवीतून द्यायचे ठरवलेत. पिशवीवर आईचा फोटो छापायचाय. पण काही केल्या चेहरा येत नाही. गोधडीसारखं काहीतरी येतं. तुम्ही आयुष्यभर हेच केलंत ना? चार दिवस या."

अक्काला जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. मेहुणे लवकर गेले. त्यानंतर शाळेतली नोकरी सांभाळून बाग राखली ती तिने. तेव्हा पिशवीवर तिचा चेहरा असावा हे योग्यच होते.

"फोटो कुठला घेतलास?" मी विचारले.

"शाळेच्या स्मरणिकेतला. तरुणपणाचा तेवढाच एक आहे."

मी उगाच विचारले. उत्तर मला सत्तावन्न वर्षांपासून ठाऊक होते.

आमच्या लहानपणी रत्नागिरी म्हणजे बोट. मुंबईला भाऊच्या धक्क्यावर चढायचे, रात्रभर ओकायचे, आणि रत्नागिरीला बोट बाहेर उभी राहिली की पडावात उतरून मांडवीच्या बंदरात पाय लावायचा. आता १९९८ पासून कोकण रेल्वे अखंड धावते आणि खिडकीशी बसून माणूस वडे खात खात रत्नागिरीला पोचतो. वाटेत उक्षी सोडले की करबुड्याचा साडेसहा किलोमीटर लांबीचा बोगदा लागतो. गाडी त्यात शिरली, खिडकीच्या काचेत माझेच तोंड दिसू लागले, आणि जे आठवायचे नव्हते ते आठवले.

१९६८ साली मी गिरगावात एका ब्लॉक करणाऱ्या कारखान्यात उमेदवारी करीत होतो. अक्का रत्नागिरीला शाळेत नुकतीच शिक्षिका झाली होती. शाळेची स्मरणिका निघायची होती आणि तीत शिक्षकांचे फोटो घालायचे होते. अक्काने आपला फोटो मला टपालाने पाठवला. सोबत चिठ्ठी होती: ब्लॉक तूच कर, फोटो परत पाठव, प्रत एकच आहे. ब्लॉक मी केला. दोन इंच रुंद, अडीच इंच उंच. जस्ताचा पत्रा सागवानी ठोकळ्यावर खिळून एस. टी. ने पाठवूनही दिला. फोटो मात्र कामाच्या खणात राहिला आणि दसऱ्याच्या साफसफाईत रद्दीबरोबर गेला. अक्काला मी लिहिले, की मालकांनी फोटो नमुन्यासाठी ठेवून घेतला आहे. तिने पुन्हा कधी विचारले नाही. मीही कधी सांगितले नाही.

म्हणजे सव्वीस वर्षांची अक्का जगात उरली ती मी पाडलेल्या ठिपक्यांत तेवढी.

हे ठिपके काय प्रकरण आहे ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. छापखान्यात काळी शाई असते आणि पांढरा कागद असतो. करडी शाई नसते. पण माणसाचा चेहरा सगळा करड्याचाच: गालावरची सावली, कपाळावरचा उजेड, पापणीखालचा अंधार. तो छापायचा कसा? तर चित्राचे बारीक ठिपके करायचे. गडद जागी ठिपके मोठे, उजळ जागी लहान, आणि दोन ठिपक्यांच्या मध्यांतले अंतर सगळीकडे सारखे. हातभर अंतरावरून डोळा ते ठिपके आणि मधला कागद एकात एक कालवतो आणि त्याला करडा रंग दिसतो. काम अर्धे छापणाऱ्याने करायचे आणि अर्धे पाहणाऱ्याच्या डोळ्याने. यालाच हाफटोन म्हणतात.

न्यूयॉर्कच्या 'डेली ग्राफिक' या वर्तमानपत्राने ४ मार्च १८८० रोजी असे छायाचित्र छापले. पुढे फिलाडेल्फियाच्या लेव्ही बंधूंनी काचेवर आडव्या-उभ्या काळ्या रेघा कोरून अचूक स्क्रीन तयार केली आणि हा धंदा जगभर पसरला. आपल्याकडे कलकत्त्याचे उपेंद्रकिशोर राय यांनी या ठिपक्यांच्या गणितावर 'पेनरोज' या इंग्रजी वार्षिकात लेख लिहिले आणि ते विलायतेतल्या कारागिरांनी वाचले. मराठीत काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून दिवाळी अंकांत छापले गेलेले चेहरे कितीतरी वर्षे अशा ठिपक्यांच्या ब्लॉकवरूनच आपल्या घरी आले.

आमच्या कारखान्यात कॅमेरा हा खोलीएवढा होता. काचेची स्क्रीन फिल्मच्या पुढे थोडे अंतर राखून बसवायची, आर्क दिव्यांच्या झगझगाटात चित्र टिपायचे, ते सरस-बायक्रोमेट लावलेल्या जस्तावर उतरवायचे आणि पत्रा नायट्रिक ॲसिडमध्ये खायला घालायचा. वर्तमानी कागदाला इंचाला ५५ किंवा ६५ ओळींची स्क्रीन, आर्ट पेपरला १२० किंवा १३३. अक्काचा ब्लॉक ६५ ओळींचा होता.

रत्नागिरी स्टेशनवर भाचा गाडी घेऊन आला होता. दुकानात पोचलो तर संगणकापुढे त्याची मुलगी बसली होती. नातीचे कॉलेज सकाळचे आणि दुकान दुपारचे. मागे दोन यंत्रे होती: एक खाटेपेक्षा रुंद, फ्लेक्स छापणारे, आणि एक चोवीस इंची, पाण्याच्या शाईचे, पोस्टर छापणारे. हे दुसरे यंत्र पारदर्शक फिल्मवर काळी प्रतिमा छापते. ती फिल्म जाळी ताणलेल्या फ्रेमवर ठेवून उजेड द्यायचा, फ्रेम पाण्याने धुवायची आणि मग त्या जाळीतून स्क्वीजीने पिशवीवर शाई ओढायची. म्हणजे कॅमेरा गेला, ॲसिड गेले, पण ठिपका काही सुटला नव्हता.

"दाखव तुझी गोधडी," मी नातीला म्हटले.

तिने पिशवी पुढे केली. अक्काच्या तोंडावर गोधडीसारख्या चौकड्या उमटल्या होत्या आणि गालाच्या जागी नुसता चिखल झाला होता. मी भिंग काढले. रोग एक नव्हता, दोन होते.

पहिला रोग सॉफ्टवेअरचा. मोठ्या यंत्रांना चित्र समजावून सांगणारा एक दुभाषा असतो. त्याला ही मंडळी रिप म्हणतात. हा रिप आपणहून ठिपके पाडतो, पण ते अक्षतांसारखे विखरून. अगदी बारीक, सगळे सारख्याच आकाराचे, गडद जागी दाट आणि उजळ जागी विरळ. फलकाला ते छान. पण त्यांच्या जाळीत इंचाला २३० धागे, म्हणजे एका धाग्यापासून दुसरा धागा जेमतेम ०.११ मिलिमीटरवर, आणि यंत्राचा एक कण ०.०३५ मिलिमीटरचा. तो धाग्यावर बसला तर शाई अडते, भोकात बसला तर धुताना वाहून जातो. चेहऱ्याचा चिखल झाला तो यामुळे.

"याला विखुरलेले ठिपके नकोत म्हणून सांग. ओळीतले ठिपके पाड म्हणावं," मी म्हणालो.

नातीने रिपमध्ये एक खिडकी उघडली. त्यात तीन चौकटी होत्या: ओळी किती, कोन किती, ठिपक्याचा आकार कोणता. मला हसूच आले. गिरगावातल्या आमच्या कारखान्यात हेच तीन प्रश्न पहिल्या दिवशी विचारीत.

"आजोबा, ओळी किती टाकू?"

"जाळीच्या धाग्यांना पाचाने भाग."

"शेहेचाळीस."

"पंचेचाळीस टाक. कोन साडेबावीस अंश."

"पंचेचाळीस का नको? पुस्तकांत तोच असतो ना?"

पोरगी हुशार आहे. कागदावर एकाच रंगाचे चित्र छापताना ठिपक्यांच्या ओळी पंचेचाळीस अंशांत तिरप्या ठेवतात, कारण त्या कोनात त्या डोळ्याला सर्वांत कमी खुपतात. पण इथे मधे जाळी आहे. तिचे धागे उभे-आडवे. ठिपक्यांची ओळ धाग्याच्या ओळीशी झटापट करू लागली की चित्रात लाटा उमटतात. साडेबावीस अंशांत ती झटापट बरीच कमी होते. आकार लंबगोल ठेवायला सांगितला. चौकोनी ठिपके निम्म्या काळ्यावर आले की चारी कोपऱ्यांनी एकदम एकमेकांना चिकटतात आणि गालावर नसलेली रेघ उमटते. लंबगोल ठिपके आधी टोकांनी जुळतात आणि मग कुशींनी, म्हणून तिथे धक्का कमी बसतो.

"आणि यंत्राची बारकाई ७२० ठेव," मी म्हणालो. "एका ओळीच्या वाट्याला सोळा कण आडवे, सोळा उभे. म्हणजे एका ठिपक्याचे दोनशे छप्पन्न लहानमोठे आकार होतात. चेहऱ्याला तेवढे पुरे."

आणखी एक गोष्ट तिला सुधारावी लागली. यंत्र चार रंग मिसळून काळा करीत होते. फिल्मला तसला मिश्र काळा नको. फक्त काळी शाई हवी, आणि तीही भरपूर. छापलेली फिल्म मी दारात नेऊन उन्हाकडे धरली. ठिपक्यातून सूर्य दिसता कामा नये, ही परीक्षा माझ्या उमेदवारीपासूनची आहे.

दुसरा रोग माझा. स्मरणिकेतले चित्र आधीच ठिपक्यांचे होते आणि त्याच्यावर आता नवे ठिपके पडत होते. दोन जाळ्या एकीवर एक धरून हलवा म्हणजे जशी लाट दिसते, तशी ती चौकडी होती. त्यावर उपाय असा, की चित्र खूप बारकाईने स्कॅन करायचे, मग जुने ठिपके एकमेकांत मिसळतील एवढेच धूसर करायचे, मगच लहान करून नवे ठिपके पाडायचे. नातीने धूसर करणारी पट्टी हळूहळू सरकवली. ठिपके विरघळले, आणि त्यांच्या मागून अक्का वर आली. दुकानात कोणी काही बोलले नाही.

पण जेवढे मागितले तेवढे यंत्रालाही देता येत नाही. दोन इंचांत ६५ ओळी म्हणजे आडवे १३० ठिपके. सगळे मिळून एकवीस हजार. अक्काच्या तरुणपणाचा ऐवज तेवढाच. यंत्र खाटेएवढे असो की खोलीएवढे, १३० चे १३१ होत नाहीत. मूळ फोटो असता तर पापणीचे केस मोजता आले असते.

त्या संध्याकाळी पहिली पिशवी छापली ती काळवंडली. अक्का दिवसभर उन्हात उभी राहिल्यासारखी दिसत होती. भाचा हिरमुसला. मी म्हटले, हा दोष नव्हे, हा कापडाचा स्वभाव. कापड शाई पिते आणि ठिपका पसरतो. मग आम्ही पाच टक्क्यांपासून शंभर टक्क्यांपर्यंत पायऱ्या असलेली एक पट्टी छापली. भिंगाखाली पाहिले तर पाच टक्क्यांचा ठिपका उमटलाच नव्हता, नव्वदचा पार भरून काळा झाला होता, आणि पन्नासचा फुगून सत्तरचा झाला होता. आता हे आकडे रिपला आधीच सांगून ठेवायचे: कापडावर पन्नास हवे असतील तर फिल्मवर बत्तीस-तेहेतीसच दे. जे पुढे वाढणार आहे ते आधी कमी करून ठेवायचे. आम्ही हेच ॲसिडच्या घड्याळावर करीत होतो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. फ्रेमचे कोटिंग सुकेपर्यंत भाच्याने मला उक्षीला नेले. रत्नागिरीभोवतीचे सडे म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारे. जांभा हा मुळी छिद्रांचाच दगड. जवळून पाहिला तर सगळी भोके, लांबून पाहिला तर लालबुंद भिंत. या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी कोणी माणसांनी प्रचंड चित्रे कोरून ठेवली आहेत: हत्ती, मासे, माणसे, चौकोनी नक्षी. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी सडे पालथे घालून ती शोधली. २०२२ साली ती युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली.

उक्षीच्या हत्तीभोवती बांध घातला आहे. मी रेघेशी वाकून पाहिले तर कातळात बोटभर खोल एक चर दिसली, पुढे वळण, पुढे आणखी चर. हत्ती कुठेच नव्हता. मागे सरून जरा उंचावर उभा राहिलो, आणि सोंडेपासून शेपटीपर्यंत सगळा हत्ती एकदम समोर उभा राहिला.

मला त्या कोरणाऱ्याचे नवल वाटले. चर खणताना त्यालाही हत्ती दिसत नसणार, दगडच दिसत असणार. पण पाहणारा कुठे उभा राहिला म्हणजे हत्ती होईल, हे त्याने मनात पक्के धरले असले पाहिजे. आणि मग मला माझी लाज वाटली. १९६८ साली अक्काचा ब्लॉक मी दोन दिवस भिंगाखाली धरून होतो. ठिपका कुठे खाल्ला गेला, कुठे राहिला, सगळे पाहिले. चेहरा पाहिला नाही. पाहिला असता तर तो फोटो असा खणात टाकून दिला नसता.

परतताना गाडीतच मी भाच्याला सगळे सांगून टाकले. मालकाने फोटो ठेवून घेतल्याची थाप, दसऱ्याची रद्दी, सगळे. तो गाडी चालवीत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला,

"आईला माहीत होतं."

"कसं?"

"ती म्हणायची, मालक कशाला ठेवून घेतोय शाळेतल्या बाईचा फोटो? यानेच हरवलान. पण ब्लॉक चांगला केलान हो, म्हणायची."

सत्तावन्न वर्षे मी हे गाठोडे वाहत होतो आणि ते तिने पहिल्याच दिवशी उघडून पाहिले होते. खळखळून हसावे की डोळे पुसावे ते कळेना. मी दोन्ही केले.

सोमवारी पिशवी नीट छापली गेली. सहा इंच रुंद चेहरा, पंचेचाळीस ओळी, साडेबावीस अंश. हातात धरली तर ठिपके किंचित जाणवतात, टेबलावर ठेवून मागे सरले की अक्का. गालावर उजेड होता, डोळ्यांत तिची ती शिक्षिकेची करडी नजर होती. भाच्याने शंभर पिशव्या काढायला घेतल्या.

नातीच्या डोक्यात मात्र दुसरेच शिजत होते. बागेच्या फाटकावर फलक लावायचा होता आणि तिला फ्लेक्स नको होता, कापड हवे होते.

"आजोबा, फलकावर नवे ठिपके नकोच. तुमचेच जुने ठिपके वीस पट मोठे करू. काळं ते काळं, पांढरं ते पांढरं. रिपला काही करायलाच ठेवायचं नाही."

मी हिशेब केला. ६५ ओळींचा ठिपका वीस पट केला तर एकापासून दुसरा ठिपका आठ मिलिमीटरवर येणार. जवळून नुसती करवंदे पसरल्यासारखी दिसणार.

"पण फाटक रस्त्यापासून तीस पावलं आत आहे," नात म्हणाली.

तिने पाहणारा कुठे उभा राहणार हे आधी ठरवले होते. मी पुढे काही बोललो नाही.

चाळीस इंच रुंदीचे ते कापड मोठ्या यंत्रातून सरकत बाहेर आले तेव्हा मी शेजारी उभा होतो. माझ्या हातचे ठिपके इतके मोठे मी कधी पाहिले नव्हते. एका ठिकाणी ॲसिडने थोडे जास्त खाल्ले होते, कानाजवळ. तेवढा भाग दुरुस्त करू का, असे नातीने विचारले. मी म्हटले, राहू दे, तो माझा आहे.

परतीच्या दिवशी भाच्याने फलक फाटकावर बांधला. मी अगदी पुढे जाऊन उभा राहिलो: काळे ठिपके, पांढरे कापड, वाऱ्याने हलणारे. मग पाठ न फिरवता मागे मागे चालत रस्त्यापर्यंत आलो. विसाव्या पावलाला कपाळ दिसले, पंचविसाव्याला डोळे. तिसाव्या पावलाला अक्का फाटकात उभी होती.

भाचा म्हणाला, "मामा, गाडी चुकेल."

मी भिंग खिशात घातले आणि गाडीत बसलो.